दोनशे चौदा हजेऱ्या

सावरखेड्यातल्या एका घरात रोज सकाळी साडेसहाला माझा आवाज बोलत असे. "आई, उद्या नळाला पाणी येणार नाही, आज भरून ठेव." "आई, परवा ग्रामपंचायतीत डोळ्यांची तपासणी आहे, दहाला जा." त्या वेळी मी स्वतः अडतीस किलोमीटर लांब, जिल्ह्याच्या गावी, पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपलेला असे. यात चोरी काही नव्हती. संमतीच्या अर्जावर सही माझीच होती आणि ती सही करतानाचा माझा फोटो वर्तमानपत्रात आला होता. त्या फोटोत मी हसतो आहे. आता तो फोटो पाहवत नाही.

मी प्रफुल्ल गावंडे. जिल्हा परिषदेच्या माहिती विभागाचा प्रमुख. जिल्ह्यात काय चाललं आहे ते लोकांच्या कानावर घालायचं, हे माझं काम. लसीकरण, दाखल्यांची शिबिरं, ग्रामसभा, वृक्षारोपण, महिला दिनाच्या रांगोळ्या. वर्षानुवर्षं आम्ही हे सगळं फलकावर लिहिलं, रिक्षाला भोंगा बांधून ओरडलो, मोबाइलवर पाठवलं. लोक यायचे नाहीत. मंडपात खुर्च्या रिकाम्या, आणि पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून पहिल्या दोन रांगांत आमचेच कर्मचारी साध्या कपड्यांत बसलेले. त्यांच्या टाळ्या मला ओळखू यायच्या.

मग तो पूर आला. नदीकाठच्या सगळ्या वस्त्यांना आम्ही सहा तास आधी इशारा दिला होता. मोबाइल वाजले, लोकांनी ते बंद केले आणि कूस बदलली. एकाच वस्तीतली माणसं वेळेवर बाहेर पडली, कारण तिथल्या एका पोरीनं नाशिकहून आपल्या बापाला फोन करून 'बाबा, निघा' म्हटलं होतं. इशारा तोच होता. आवाज वेगळा होता.

'आपला आवाज' योजना त्यातून निघाली. तिच्यामागचं शास्त्र अवघड नाही. ओळखीचा आवाज कानावर पडला की शब्दांचा अर्थ लागायच्या आधीच मेंदू त्या माणसाला ओळखतो आणि जरा सैल होतो. अनोळखी आवाजाशी तो आधी हुज्जत घालतो, मग ऐकतो. कुणाचाही आवाज हुबेहूब काढणारी यंत्रं तोवर गल्लोगल्ली झाली होती. वीस मिनिटांचं बोलणं त्यांना पुरे. आम्ही त्याला दुसरं एक यंत्र जोडलं, मोजणारं. घरोघर एक छोटा संच बसवला. त्याला लोक डबी म्हणू लागले. फोनही त्यावरच येत आणि आमचे निरोपही; दोन्हींना ती सारखीच वाजे, आणि काही विचारलं तर निरोपाच्या आवाजातच उत्तरही देई. डबी पहिले काही दिवस वेगवेगळ्या आवाजांत निरोप देई आणि कुठल्या आवाजानंतर घरातलं माणूस खरंच उठून कार्यक्रमाला गेलं ते पाही. कार्यक्रमाच्या दारात तळहात टेकवून हजेरी लागे, त्यामुळे मोजायला सोपं. ज्या आवाजाला माणूस हलेल तो आवाज त्या घराला कायमचा.

गमतीही झाल्या. कुणाच्या घरी निवृत्त हेडमास्तर बोलू लागले, कुणाच्या घरी सासरी गेलेली बहीण. एका बागायतदाराला तर ज्याच्याशी बांधावरून वैर होतं त्याचाच आवाज लागू पडला. तो म्हणतो तिथं काय शिजतंय ते बघायला हा गडी तरातरा जायचा. अर्थात ज्याचा आवाज वापरायचा त्याची लेखी संमती लागे. लोक कचरत होते, म्हणून पहिला अर्ज मी भरला आणि माझा आवाज माझ्या आईच्या घरासाठी दिला.

सुरुवातीला प्रत्येक निरोपाआधी एक वाक्य असे: 'हा आवाज यंत्राचा आहे.' ते वाक्य मी काढलं. म्हणजे टिपणी मी लिहिली, सह्या वरच्यांनी केल्या. वाक्य असताना शंभरातली एकेचाळीस माणसं यायची, वाक्य नसताना अडुसष्ट. मी लिहिलं की वर्षातून एकदा, प्रजासत्ताक दिनी, ते ऐकवलं तरी नियमाचं पालन होतं. मला बढती मिळाली ती या टिपणीवर.

वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आई सावरखेड्यात एकटी. दर रविवारी फोन करायचा हा माझा नेम. डबी बसल्यावर त्याचा पंधरवडा झाला, पुढे महिना. माझा आवाज तिच्या घरी आहेच, अशी काहीतरी समजूत मी करून घेतली होती. एकदा महिन्याभरानं फोन केला तर ती म्हणाली, "आज सकाळीच तं बोललो ना आपन."

मी समजलो की तिचा घोटाळा झालाय. तिला वाटतंय की रोज मीच बोलतो. आई, तो मी नव्हतो, एवढं सांगायला किती वेळ लागतो? मी हसलो आणि 'हो' म्हणालो. फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथं लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. त्यानंतर फोन आणखी कमी झाले.

तिसऱ्या वर्षी योजना राज्यभर न्यायची की नाही ते ठरवायला समिती येणार होती. साहेबांनी मोठा कार्यक्रम आखला. जिल्ह्यातल्या सर्वाधिक उपस्थित नागरिकाचा सत्कार, आणि त्याची चित्रफीत. आमच्याकडचा सोनटक्के यंत्रावर बसे. त्यानं यादी काढली आणि तो हसायला लागला. एका बाईनं तीन वर्षांत दोनशे चौदा कार्यक्रमांना हजेरी लावली होती. मोतीबिंदू तपासणी, फवारणी यंत्राचं प्रात्यक्षिक, कुमारांसाठी कबड्डी मार्गदर्शन, सांडपाण्यावरची ग्रामसभा. नवविवाहित दांपत्यांच्या समुपदेशनाला ही बाई दोनदा गेली होती.

"एवढं तर आपले सदस्यही येत नाहीत," सोनटक्के म्हणाला. "आठवड्यातून एक-दोनदा नाव आहेच. गेल्या जुलैत तेवढी सलग अकरा दिवस गायब आहे. रजा टाकली असेल."

मग त्यानं नाव वाचलं. वच्छला गावंडे, सावरखेडा. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की ही तुमच्या नात्यातली का. मी म्हणालो, आई आहे. खोलीतल्या सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. कुणीतरी पेढ्यांची गोष्ट काढली. मी सगळ्यांच्या पुढे हसत उभा होतो आणि मनात एकच चाललं होतं. ही यादी रोज संध्याकाळी माझ्या पडद्यावर येते. तीन वर्षं येते. मी ती एकदाही उघडली नाही. मी फक्त खालची बेरीज बघायचो.

चित्रफितीसाठी मीच जातो म्हणालो. आठ महिन्यांत पहिल्यांदाच मी सावरखेड्याला गेलो. आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून उठली, उठताना भिंतीला धरलं आणि लगेच हात काढून पदर सारखा केला. मी ते पाहिलं आणि मनावर घेतलं नाही. चहा झाला. मी कॅमेरा तिवईवर लावला आणि तिला सत्काराचं सांगितलं. ती ऐकत होती, सोलत होती. मी विचारलं की एवढ्या कार्यक्रमांना तू का गेलीस. तालुक्याचं सभागृह इथून नऊ किलोमीटर. कबड्डीला तुझं काय काम?

"थो बंद कर आधी," ती म्हणाली. मी कॅमेरा बंद केला.

"मी त्या डबीले इचारलं होतं, हे हात टेकवून घेतात, ते नाव कुठी जाते म्हनून. तो म्हने, जिल्ह्याले जाते, माहिती विभागात. म्हनलं, तथी तं माहा पोरगा बसते. तो म्हने, हो, रोज त्यायच्याकडे यादी जाते." तिनं सोललेले दाणे परातीत सारले. "मंग मी जात गेली. म्हनलं, त्याले माह्यं नाव दिसत राहीन. माय बरी हाये, चालते-फिरते, हे त्याले समजन."

'डबीले इचारलं' हे शब्द डोक्यात उशिरा शिरले. म्हणजे ती डबीला डबी म्हणत होती. मी विचारलं, "आई, तुला माहीत होतं की तो मी नाही?"

"पहिल्या हप्त्यातच."

"कसं?"

"तो माह्यं बोलनं पुरं होऊ देते," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. पाऊस किती झाला ते सांगावं तसं तिनं सांगितलं. "तू मधातच म्हनतं, 'बरं आई, ठेवू का?' तो कधी नाई म्हनत."

मग ती फोनवर 'सकाळीच तं बोललो' का म्हणाली होती, हे विचारायची मला गरज नव्हती. तरी विचारलं. माणूस अशा वेळी गप्प राहत नाही.

"पाहत होती, तू काय म्हनतं. तू 'हो' म्हनला. मंग म्हनलं, जाऊ द्या. तुले तसं सोपं पडत असन तं तसंच."

यंत्रानं तिला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. यादी जिल्ह्याला जाते, खरं. रोज जाते, खरं. पोरगा तिथं बसतो, तेही खरं. ती यादी तो वाचत असेल, एवढं तिनं स्वतःच्या मनानं धरलं होतं, आणि कुठल्याही आईनं तेच धरलं असतं. तीन वर्षांत आम्हा दोघांच्या मध्ये खोटं बोललं ते एकानंच, आणि तेही एकाच शब्दात.

थोड्या वेळानं तिनं दाणे बाजूला ठेवले आणि जुलैचं काढलं. तिला ताप होता. शेजारच्या विमलनं पेज करून दिली. अकरा दिवस ती कुठं गेली नाही. "तसं तिसऱ्या दिवशी जाता आलं असतं मले, ग्रामपंचायतीतच होतं, वैरणीचं काहीतरी. मुद्दाम नाई गेली. म्हनलं पाहू. यादीत नाव नाई दिसलं म्हंजे फोन करन."

फोन मी केला नव्हता. माफी मागावी असं वाटलं, पण माफीचे शब्द मला माझ्याच आवाजात उच्चारायचे होते, आणि त्या घरात त्या आवाजाची काय किंमत उरली होती ते मला ठाऊक होतं. शेवटी तिनंच विषय बदलला. सत्काराला कुठलं लुगडं नेसू, विचारलं. मी म्हणालो की सत्काराला यायची जरुरी नाही. मी तिथं सगळं खरं सांगणार आहे, समितीपुढे. ती एकदम माझ्याकडे वळली.

"काय सांगनार?"

मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "विमल येनार हाये, अर्धं गाव येनार हाये टेम्पोनं. मी त्यायले सांगतलं हाये का माहा पोरगा रोज सकाळी बोलते. तू तथी काही सांगजो नको."

कार्यक्रम जिल्ह्याच्या नाट्यगृहात झाला. खुर्च्या भरल्या होत्या आणि आमचा एकही कर्मचारी साध्या कपड्यांत नव्हता. सूत्रसंचालन माझ्याकडे. खिशात एक कागद होता. त्यावर मी लिहून ठेवलं होतं की 'हा आवाज यंत्राचा आहे' हे वाक्य रोज परत आणावं, आणि का. आईला शाल आणि नारळ दिला. ती हिरव्या काठाच्या लुगड्यात उभी होती. पायऱ्या चढताना विमलच्या खांद्यावर हात होता. समितीच्या प्रमुख राजुरकर बाई समंजस होत्या. ठरलेल्या भाषणांच्या पलीकडे जाऊन त्यांनी आईलाच माइक दिला आणि विचारलं, "आजी, रोज सकाळी तुमच्याशी कोण बोलतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

ऐकणारे यंत्राला आपलं माणूस समजून फसतात का, ते यावरून ठरणार होतं; सगळी योजना त्या एका उत्तरावर टांगलेली होती आणि ते बाईंनाही कळत होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मग समोर, टेम्पोतून आलेल्या बायकांकडे.

"माहा पोरगा बोलते," ती म्हणाली. "रोज बोलते. एकही दिवस खाडा नाई."

टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या होत्या, मला फरक कळतो. विमलनं डोळ्याला पदर लावला. मुलगा खरंच रोज फोन करतो असं धरून राजुरकर बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मी माइक हातात घेतला आणि पुढच्या वक्त्यांचं नाव पुकारलं. कागद खिशातच राहिला. आईची लाज राखायची म्हणून मी गप्प बसलो, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्यात अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्यात माझी खुर्ची होती. त्या महिन्याअखेर योजना अकरा जिल्ह्यांत गेली.

एवढं तरी करावं म्हणून मी एक केलं. सोनटक्केला सांगून आईच्या डबीवरचा सकाळचा निरोप बंद करवला. तो का विचारत होता, मी तांत्रिक कारण आहे म्हणालो. ठरवलं की आता साडेसहाला रोज मीच फोन करायचा. उद्या पाणी येणार नाही, हेही मीच सांगायचं.

पहिल्या सकाळी मी सहालाच उठून खुर्चीत बसलो. साडेसहाला फोन लावला. डबी वाजली, तिनं घेतला.

"आई," मी म्हणालो.

"हं, बोल. आज काय हाये?"

मी सांगितलं की आज काही नाही, सहज. तू कशी आहेस? आणि गप्प राहिलो. या वेळी तिचं बोलणं पुरं होऊ द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, हे मी घोकून आलो होतो. ती बोलू लागली. नाट्यगृहातल्या गर्दीबद्दल बोलली, शाल विमलला आवडली म्हणून तिला देऊन टाकली ते बोलली. मी हुंकार देत राहिलो. ती आणखी मोकळी होत गेली. उजवा गुडघा आता वाकत नाही, म्हणाली. गेल्या आठवड्यात न्हाणीत पडली होती. उठता आलं नाही, विमल येईपर्यंत तशीच बसून होती, तासभर. आता न्हाणीत जायचं भ्या वाटतं. एवढं मन मोकळं करताना मी तिला आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मला वाटलं, जमलं. उशिरा का होईना, जमलं.

मग ती थांबली, आणि म्हणाली, "हे गुडघ्याचं जिल्ह्याले पाठवू नको हं. माह्या पोराले समजलं तं उगाच जिवाले लावून घेईन. त्याले फक्त सांगजो, माय बरी हाये. सांगशीन ना?"

मला उलगडायला एक क्षण लागला. मी बोलणं पुरं होऊ दिलं होतं, म्हणून मी तिचा मुलगा असणं शक्यच नव्हतं.

आई, मी प्रफुल्ल आहे, एवढं म्हणायचं होतं. तीन वर्षांपूर्वी म्हणायचं होतं तेवढंच. पण ते म्हटलं असतं तर आत्ता जे ती बोलली ते तिनं कुणापुढे बोललं, हे तिला कळलं असतं, आणि न्हाणीत पडलेली बाई पुन्हा भिंतीवरचा हात काढून पदर सारखा करू लागली असती. तीही माझ्यापुढे, माझ्यामुळे. ती वाट पाहत होती.

"हो," मी म्हणालो. "सांगतो."

तिनं डबी बंद केली. मी तसाच उठलो, शर्ट चढवला आणि सावरखेड्याची सातची गाडी पकडली. खिडकीजवळ जागा मिळाली. तिला दवाखान्यात न्यायचं, न्हाणीत धरायला दांडा बसवायचा, आठ दिवस राहायचं, हे सगळं गाडी डेपोतून बाहेर पडेपर्यंत ठरलं. तिच्या गुडघ्याचं मला कुणी सांगितलं, हे तिला काय सांगायचं, ते मात्र सावरखेड्याचा फाटा आला तरी सुचलं नव्हतं.